डेसिबलचा आकडा म्हणजे निनादकाळ नव्हे

घरी पॉडकास्ट करणारे ब्राउझरमध्ये डेसिबल मीटर उघडतात, ३५ आकडा दिसला की खोली रेकॉर्डिंगला उत्तम म्हणून मोकळे होतात. त्यात मोजलं गेलं ते पंखा, रस्ता आणि शेजारचा टीव्ही. रिकामा फ्लॅट मध्यरात्री शांतच असतो, पण टाळी वाजवा, केवढा घुमतो! तो गुण निनादकाळाचा: आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद.

उपायही वेगळे. बाहेरच्या गोंगाटासाठी खिडकीच्या फटी बुजवा; निनादासाठी गाद्या, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट. फोम चिकटवून शेजारचा टीव्ही थांबत नाही.

खरी गफलत पुढे आहे. माइककडून ब्राउझरला उणे १ ते अधिक १ यांमधले आकडे मिळतात. त्यातला कोणता आकडा हवेतल्या किती दाबाचा, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून खऱ्या मीटरशी जुळवून न घेतलेल्या वेबपानावरचं ‘४२ डेसिबल’ हा निव्वळ अंदाज. निनादकाळाला मात्र ही जुळवणी लागतच नाही. माइक १० डेसिबल कमी ऐकत असेल, तर सुरुवातीलाही तेवढंच कमी ऐकेल आणि शेवटीही. उताराचा वेग तोच राहतो. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं घुमणारं व्याख्यानगृह तपासायला घेतलेल्या भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइननं ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान यांवरच काम भागवलं.

मात्र उतारात कुणी ढवळाढवळ करता कामा नये, आणि ब्राउझर नेमकं तेच करतो. व्हिडिओ कॉलच्या सोयीसाठी ऑटोगेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय, विरत जाणारा आवाज वर खेचतो, नॉइज सप्रेशन त्याचं शेपूट छाटतं आणि लॅपटॉपच्या स्पीकरवरून चाचणीचा आवाज सोडलात, तर एको कॅन्सलेशन तोच पुसायला बघतं. तिन्ही बंद करा आणि खरोखर बंद झाली का तेही ‘गेटसेटिंग्ज’मध्ये, म्हणजे माइकच्या सध्याच्या सेटिंग्ज सांगणाऱ्या ब्राउझरच्या आज्ञेत, पाहा, कारण ब्राउझर दरवेळी ऐकतोच असं नाही. ही सोय न देणाऱ्या पानावर मी वेळ घालवत नाही. ब्लूटूथ हेडसेटचा माइकही नकोच.

घरात पूर्ण ६० डेसिबलचा उतार क्वचितच मिळतो. खालचा भाग गोंगाटात बुडतो. म्हणून सुरुवातीच्या पातळीच्या उणे ५ पासून उणे २५ डेसिबलपर्यंतचा वेळ घेऊन तिप्पट करतात. टाळीपेक्षा फुगा फोडणं मला पसंत, त्यात खालचे स्वर जास्त असतात. तरी लहान खोलीत २०० हर्ट्झच्या खालच्या आकड्यावर विसंबू नका: तिथे माइक हातभर सरकवला तरी उत्तर बदलतं.