पुरात बुडालेली गाडी आणि तकाफुलचा क्लेम: शारजा-दुबईतल्या आपल्या माणसांसाठी

१६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत जेवढा पाऊस पडला, तेवढा १९४९ पासूनच्या नोंदींत कधी पडलेला नाही. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथं चोवीस तासांच्या आत सुमारे २५४ मिलिमीटर. शारजातल्या अल मजाज, अल कासिमिया या भागांत पाणी कित्येक दिवस ओसरलं नाही. त्यानंतर क्लेमच्या कागदांची जी धावपळ झाली, तिच्यात आपल्याकडची, रत्नागिरी-रायगडची बरीच माणसं होती. अनेकांची पॉलिसी तकाफुलची, म्हणजे इस्लामी पद्धतीच्या विम्याची होती आणि अनेकांचे क्लेम परत आले. कारणं मात्र तीच तीच होती, आणि त्यातली बहुतेक पाऊस येण्याआधीच टाळता आली असती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. तकाफुल म्हणजे सभासदांनी एकमेकांसाठी वर्गणी काढून केलेला निधी. आपण भरतो ती रक्कम दान म्हणून त्या निधीत जाते, कंपनी तो निधी सांभाळण्याचा मोबदला घेते, पैसा व्याजाच्या व्यवहारात गुंतवला जात नाही, आणि कंपनीची शरिया समिती त्यावर देखरेख ठेवते. हे सगळं खरं आहे. पण ‘निधी आपलाच आहे, म्हणजे क्लेमला जरा सांभाळून घेतील’ हा अंदाज चुकीचा ठरतो. गाडीच्या विम्याचा मसुदा अमिरातीत २०१७ पासून सगळ्या कंपन्यांना एकच आहे, मग कंपनी तकाफुलची असो वा साधी. अटी त्याच, अपवाद तेच, कागदही तेच. उलट बाजूही ऐकून ठेवा. ‘यंदा निधीत पैसे उरले नाहीत’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर ते क्लेम नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. निधी तुटीत गेला तर कंपनीच्या भागधारकांनी त्याला बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्ज-ए-हसना द्यायचं असतं. आणि तकाफुल फक्त मुसलमानांसाठी आहे असंही नाही. सांगली-कोल्हापूरच्या शेजाऱ्यानं घेतलं तरी त्याचा हक्क तेवढाच.

क्लेमला पात्र कोण?

पहिली चाळणी पॉलिसीच्या प्रकाराची. थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळतं, तुमची स्वतःची गाडी बुडाली तर काहीही नाही. इथं अर्ज-विनंत्या चालत नाहीत, कोणी ‘ओळखीनं करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळायला गाडीच्या हानीचा विमा लागतो, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो.

पण फुल इन्शुरन्स असूनही लोक अडकले, ते ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दांवर. पूर, चक्रीवादळ, भूकंप अशा घटनेनं व्यापक नुकसान झालं आणि सक्षम सरकारी यंत्रणेनं तसा निर्णय जाहीर केला, तर ती नैसर्गिक आपत्ती, अशी व्याख्या समान मसुद्यातच आहे. त्या आपत्तीचं संरक्षण अनेक पॉलिस्यांत वेगळं जोडून घ्यावं लागतं. एप्रिल २०२४ मध्ये यावरून वाद सुरू झाले, तेव्हा मध्यवर्ती बँकेनं खुलासा केला की गाडीच्या हानीचा विमा असलेल्यांना त्या हवामानामुळे झालेलं नुकसान भरून मिळालं पाहिजे. त्या खुलाशानं पुष्कळ लोक वाचले. पण तो त्या पावसापुरता होता. पुढच्या वेळी असा खुलासा येईलच, यावर कोणी विसंबून राहू नये. पॉलिसीच्या जोडपत्रात ‘नैसर्गिक आपत्ती समाविष्ट’ ही ओळ आहे का, हे आजच बघा. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये असलेली ओळ पुरत नाही.

दुसरी चाळणी नावाची. क्लेम ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्यानंच करायचा असतो. गाडी किंवा डिलिव्हरीची बाईक कंपनीच्या नावावर असेल, तर तुम्ही ती रोज चालवत असलात तरी कागद कंपनीच्या पीआरओनं, म्हणजे सरकारी कामं बघणाऱ्या माणसानं भरायचे. मित्राकडून गाडी घेतली, पैसे चुकते केले, पण मुल्कीया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड अजून त्याच्याच नावावर आणि तो कायमचा गावी गेला, अशा प्रकरणात पैसे निघणं जवळजवळ अशक्य. असा व्यवहार ज्यांनी केला आहे, त्यांनी नाव बदलून घेण्याचं काम पावसाळी महिन्यांच्या आधी उरकावं.

तिसरी चाळणी हद्दीची. ईदच्या सुट्टीत किंवा खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या दिवसांत ओमानमधल्या सलालाला गाडी घेऊन जाणारे बरेच आहेत. सरहद्दीवर दाखवायचं विम्याचं ऑरेंज कार्ड थर्ड पार्टीपुरतं असतं. ओमानच्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या पात्रात तुमची गाडी वाहून गेली तर ते कार्ड कामाला येत नाही. ओमानपुरतं स्वतःच्या गाडीचं संरक्षण पॉलिसीत वेगळं नोंदवून घ्यावं लागतं. काही पॉलिस्यांत ते आधीच असतं, काहींत मागावं लागतं.

पोलिसांचा दाखला

एमिरेट्स आयडी, लायसन्स, मुल्कीया आणि पॉलिसी हे चार कागद बहुतेकांकडे असतात, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते पोलिसांच्या दाखल्यावर. अमिरातीत पोलिसांच्या रिपोर्टशिवाय गॅरेज ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही, आणि पाण्यानं बिघडलेल्या गाडीच्या क्लेमलाही कंपनी दाखला मागते. दुबईत तो दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवरून मागता येतो. इतर अमिरातींत गृह मंत्रालयाचं अ‍ॅप बघावं किंवा सरळ जवळच्या पोलीस स्टेशनात जावं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की गाडी ज्या अमिरातीत बुडाली तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो, प्लेट कुठली आहे याला महत्त्व नाही. दुबई प्लेटची गाडी शारजात बुडाली तर शारजाच.

आणि फोटो. गाडी पाण्यात उभी आहे, नंबर प्लेट दिसते आहे, आजूबाजूची इमारत किंवा रस्त्याची पाटी दिसते आहे, असे फोटो पाणी असतानाच काढा. पाणी ओसरल्यावर लोक घाईनं गाडी धुऊन घेतात, गालिचे बाहेर काढून वाळवतात, आणि मग नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. घाण तशीच राहू द्या. बघवत नाही हे खरं, पण चिखलाची ती रेघच पाणी कुठवर आलं होतं याचा पुरावा असते.

बँकेचं पत्र

गाडी इस्लामी बँकेकडून हप्त्यावर घेतली असेल तर आणखी एक कागद लागतो. मुराबहात बँक गाडी विकत घेऊन नफा धरून तुम्हाला विकते, गाडी तुमच्या नावावर असते पण मुल्कीयावर बँकेचं तारण नोंदलेलं असतं. इजारात मालक बँकच, तुम्ही भाडेकरू. दोन्ही प्रकारांत गाडी पूर्ण निकामी ठरली तर पैसे आधी बँकेला जातात, आणि बँकेचं ना हरकत पत्र व किती रक्कम बाकी आहे त्याचा दाखला आल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. क्लेमचे पैसे बाकीपेक्षा कमी पडले तर मुराबहात फरक तुम्हालाच भरावा लागतो. इजाराचा करार असेल तर गाडी नष्ट झाल्यावर भाड्याचं काय होतं, ते कलम बँकेत बसून समजून घ्या. तिथं हिशेब वेगळा पडू शकतो.

क्लेम चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही, आणि इथं चांगली-चांगली माणसं फसली. एप्रिल २०२४ नंतर मध्यवर्ती बँकेनं बँकांना सांगितलं होतं की बाधित ग्राहकांना गाडीच्या आणि वैयक्तिक कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलू द्यावेत, त्यावर जादा शुल्क, व्याज किंवा नफा लावू नये. सवलत होती, पण ती मागावी लागत होती. ‘सरकारनं माफ केलं’ असं ऐकून ज्यांनी अर्ज न करता हप्ता चुकवला, त्यांना बँकेकडून थकबाकीचे मेसेज आले. माफ काहीच झालं नव्हतं.

क्लेम कशामुळे हातचा जातो

बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की आतले भाग मोडतात, आणि हे नुकसान पुरानं नाही, तुमच्या कृतीनं झालं असं सर्व्हेअर लिहितो. रिकव्हरी बोलवा, गाडी ओढून न्या. ऑफिसला पोचायचं म्हणून भरलेल्या अंडरपासमध्ये गाडी घातली, तर निष्काळजीपणाचा मुद्दा येतो. वादीची गोष्ट तर याहून गंभीर. २०२३ पासून पाणी वाहत असलेल्या वादीत गाडी घालणं हा गुन्हा आहे: २००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. असा दंड नोंदला गेल्यावर क्लेमकडून काय अपेक्षा ठेवणार? आणि दंडापेक्षा, त्या पाण्यात माणसं जातात.

घटना कळवायला उशीर करू नका. कंपनीचा फोन लागत नसेल, आणि अशा दिवसांत तो लागत नाहीच, तर ई-मेल पाठवा. पोचलेल्या ई-मेलची तारीख तुमच्या बाजूनं उभी राहते.

खोलीतलं सामान

हा भाग लिहिताना मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण इथं कागदच नसतो. इमारतीचा विमा मालकाचा. त्यात तुमचा फ्रिज, टीव्ही, लॅपटॉप धरलेला नसतो. घरगुती सामानाचं तकाफुल भाडेकरूला घेता येतं, पण त्याला भाडेकराराची नोंद लागते: दुबईत इजारी, अबू धाबीत तौसीक, शारजात नगरपालिकेनं प्रमाणित केलेला करार. आता आपली बहुतेक माणसं कशी राहतात? एकाच्या नावावर फ्लॅट, बाकीचे शेअरिंगमध्ये, बेडस्पेसवर. पाणी शिरलं ते सगळ्यांच्या खाटांखाली, कागदावर नाव एकाचंच. बाकीच्यांसाठी विमा नाही आणि दावाही नाही. दुबईत २०२२ पासून एकत्र राहणाऱ्यांची नावं भाडेकराराशी जोडून नोंदवता येतात, ती नोंदवायला करारदाराच्या मागे लागा. शारजातल्या शेअरिंगवाल्यांसाठी मला सोपा मार्ग दिसत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पासपोर्ट, पदव्या आणि करार एका उंच कपाटात ठेवावेत, एवढंच सांगू शकतो.

रक्कम ठरताना

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या अपघातापूर्वीच्या किमतीच्या ५० टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात. मग पॉलिसीत लिहिलेल्या किमतीतून घसारा वजा होतो आणि गाडी कंपनीच्या ताब्यात जाते. तिथंही एक अडथळा असतो: गाडीवरचे दंड भरल्याशिवाय ती कंपनीच्या नावावर जात नाही. जुने पार्किंगचे आणि सालिकचे (दुबईच्या टोलचे) दंड आधी बघून घ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर फाइल लटकणार नाही.

पैसे देण्याआधी कंपनी एका पावतीवर सही मागते. त्यात बहुधा ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असं लिहिलेलं असतं. हप्ता डोक्यावर असतो, गाडीवाचून कामाला जाणं अडलेलं असतं, माणूस समोर येईल त्यावर सही करतो. कृपा करून थांबा. आकडा पटत नसेल तर सही करू नका, हिशेब लेखी मागा. सही झाल्यावर दाद मागण्याची जागा फार थोडी उरते.

नाकारलं तर

नकार लेखी घ्या, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते त्यात लिहायला लावा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. तिथं दाद लागली नाही की ‘सनदक’. बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी मध्यवर्ती बँकेनं उभं केलेलं हे स्वतंत्र केंद्र २०२३ पासून काम करतं. तकाफुल कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत आणि तक्रार ऑनलाइन होते. विम्याच्या वादात कोर्टाआधीची पायरी हीच आहे. इथं येणाऱ्या बऱ्याच तक्रारी कंपनीकडे आधी तक्रारच केली नाही म्हणून परत जातात. फोनवर भांडण केलं, ही तक्रार धरली जात नाही.

गावच्या घराचं काय, हेही लोक विचारतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हापासून जास्तच. भारतात विमा नियामकाच्या परवानगीनं चालणारं तकाफुल नाही, आणि इथल्या पॉलिसीची हद्द तिथवर जात नाही. ‘दुबईच्या कंपनीकडून कोकणातल्या घराचं तकाफुल करून देतो’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. सरकारी मदतीत व्याजाचा प्रश्न येत नाही, पण ती तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळते. घराला कुलूप असेल आणि घरपट्टी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर पंचनाम्यात तुमचं नाव येणार कसं? पुढच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज देऊन या, आणि भावाकडे नाहीतर शेजाऱ्याकडे किल्ली ठेवा.

इथली गाडीची पॉलिसी १३ महिन्यांची असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख दर वर्षी डोक्यातून निसटते. त्या वेळी कंपनीला ई-मेलवर तीनच गोष्टी विचारा: नैसर्गिक आपत्ती समाविष्ट आहे का, ओमानमध्ये माझ्या गाडीला संरक्षण आहे का, गाडीची किंमत किती धरली आहे. उत्तर आलं की पॉलिसीशी ताडून बघा, आणि तफावत असेल तर पैसे भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.