पोटफुगीत सुरी खुपसली तर गॅस जातो, पण जनावर वाचतंच असं नाही

कराड, वाळवा, मिरज, सगळीकडे हा मेसेज फिरतो: "ओला घास खाऊन गाय फुगली की पोटात कुठंही सुरी खुपसा, गॅस जाऊन वाचते." गॅस जातो हे खरंय आणि जीव घाबरा झाला की माणूस हाताला येईल ते उचलणारच.

पण गॅस साठतो कोठीपोटात, म्हणजे गाईच्या चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठ्या पोटात, आणि ते डाव्या अंगाला असतं, म्हणजे उजवीकडं खुपसलं तर आतडं फाटायची भीती. डावी भकाळ बोटांनी वाजवून बघा, शेवटची बरगडी आणि खुब्याच्या मधली जागा, फुगलेली असली की ढोलासारखी वाजते.

डॉक्टर वापरतात तो ट्रोकार-कॅन्युला, म्हणजे टोकदार दांडा आणि त्यावर बसणारी नळी. दांडा काढून घेतात, नळी आत राहते, गॅस हळूहळू जातो. सुरीला नळीच नाही ना, ती उपसली की कोठीपोट कातडीपासून सरकतं आणि आतला चारा-पाणी कोठीपोटाबाहेर, पोटाच्या पोकळीत सांडून पू होतो. जनावर त्या दिवशी वाचतं पण पुढं दगावू शकतं, म्हणून तर सुरी चालली असं वाटतं.

आणि फेसाची फुगी असली तर नळीतूनही फेसच येतो, गॅस सुटत नाही, तिथं फेस मोडणारं औषधच लागतं, म्हणून डॉक्टरला फोन आधी.