अंतर्भाषण

ओठ न हलवता माणूस मनातल्या मनात शब्दांत जे बोलतो, त्याला अंतर्भाषण किंवा आंतरिक स्वगत म्हणतात. खेळता खेळता लहान मूल ‘आता हे इथे ठेवायचे’ असे मोठ्याने पुटपुटते. हेच बोलणे पुढे आत वळते आणि विचाराचे साधन बनते, अशी मांडणी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी केली (१९३४).

हा आवाज सर्वांच्या मनात अखंड चालू असतो, हा समज मात्र खरा नाही. अमेरिकेतील रसेल हर्लबर्ट यांनी लोकांजवळ बीपर दिले आणि तो वाजेल त्या क्षणी मनात काय होते ते टिपायला सांगितले. सरासरी सुमारे चौथा हिस्सा नोंदींतच शब्द आढळले. काहींच्या नोंदींत एकदाही नाही. अंतर्भाषणाच्या अभावाला २०२४ मध्ये योहाने नेदरगार्ड व गॅरी लुपियन यांनी ‘अनेंडोफेजिया’ हे नाव दिले. त्यांच्या प्रयोगात, मनात कमी बोलणाऱ्यांना शब्दांची यादी लक्षात ठेवणे आणि चित्रे पाहून त्यांच्या नावांचे यमक जुळते का हे ओळखणे (मराठीत समजा गाडी आणि साडी) जड गेले. शब्द मोठ्याने उच्चारणाऱ्यांत हा फरक उरला नाही.

ताणाच्या बाबतीत आवाज आहे की नाही यापेक्षा तो काय बोलतो याला महत्त्व आहे. ‘तो असे का म्हणाला, मी तेव्हा गप्प का बसलो’ हे रात्रभर उगाळत राहणे नैराश्याला खतपाणी घालते, हे सुझन नोलन-होक्सिमा यांच्या संशोधनातून पुढे आले. उलट, भाषणाच्या तयारीत स्वतःला नावाने हाक मारून समजावणाऱ्यांना त्रास कमी झाला, असे ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसले. रामदासांच्या २०५ मनाच्या श्लोकांत मनाला दुसरे कुणी समजून केलेला उपदेश याच वाटेचा आहे.

अंतर्भाषण नसलेली माणसे कोरडी असतात, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहताना शब्दांचा उपयोग होतो. पण चेहरा, आवाजातला कंप, थबकलेला हात हे शब्दांवाचूनही कळते. शिवाय समोरचा बोलत असताना मनात उत्तर जुळवत बसले, तर त्याचे निम्मे बोलणे निसटते. प्रसूतिगृहात एक तान्हे रडू लागले की शेजारचेही रडते, आणि त्या वयात शब्द कुणाजवळच नसतात.