पार्श्वभूमी : ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’

कॅमेऱ्याच्या दुकानातल्या एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ संगीत-छायाचित्रकारांनी टेबलावर एक जुनी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या छोट्या चौकटी एकत्र छापलेला कागद, ठेवली होती. मैफलीच्या रात्रीचा चौथा आणि शेवटचा रोल. ३६ चौकटींपैकी एकीभोवती लाल मेणपेन्सिलीची खूण होती. त्या चौकटीतला गायक माइकपासून मागे कललेला, डोळे मिटलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले. गाणे शेवटून दुसरे होते, असे त्यांनी सांगितले. आज पास घेऊन आलेल्या छायाचित्रकाराला फक्त पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशशिवाय, टिपता येतात; तोवर तो सभागृहाबाहेर गेलेला असतो.

१९४० च्या दशकात जॅझ क्लबांत जाणारे छायाचित्रकार स्पीड ग्राफिकसारखे ४ बाय ५ इंची कॅमेरे आणि एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब घेऊन जात. दर फोटोला नवी फिल्म, नवा बल्ब. १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म ३५ मिमी रोलमध्ये मिळू लागली, त्याच वर्षी लायका एम३ हा छोटा कॅमेरा आला आणि १९५९ मध्ये निकॉन एफ. खरा बदल फिल्मने केला. साठच्या दशकात ४०० वेगाची (वेग म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) ट्राय-एक्स डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून लोक १६०० पर्यंत ‘पुश’ करत. सावल्या बुडत, दाणे ठळक होत, पण स्टेजच्याच उजेडात १/६० सेकंदाला फोटो मिळे. त्या दाणेदारपणाला आज शैली म्हणतात. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. मासिकाचे पत्र किंवा व्यवस्थापकाची ओळख असली की छायाचित्रकार अख्खा कार्यक्रम स्टेजच्या कडेला उभा राही.

ऐंशीच्या दशकात हे बदलले. ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ हा दंडक कोणी घातला, यावर छायाचित्रकारांत अजून वाद होतो. एका बाजूचे म्हणणे असे की, पुढच्या रांगेतले फ्लॅश सतत डोळ्यांवर येऊ लागल्याने कलावंतच वैतागले. दुसरी बाजू १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीकडे बोट दाखवते: व्हिडिओतला नीटनेटका चेहरा एकदा विकला जाऊ लागल्यावर घामेजलेला, रंग ओघळलेला चेहरा छापून येऊ नये, असे प्रसिद्धीवाल्यांना वाटू लागले. दोन्ही अटी एकाच वाक्यात जोडल्या गेल्याने गोंधळ वाढला. फ्लॅशबंदी रास्त आहे, गाणाऱ्याच्या तोंडावर उजेड मारू नये हे कोणालाही पटेल. पण फ्लॅश बंद केल्यावर तीन गाण्यांची मर्यादा कशासाठी? कुठल्या का शैलीतली मैफल असेना, सुरुवातीला आवाज तापायचा असतो, वादक एकमेकांचा अंदाज घेत असतात, प्रकाशयोजनेतले ठेवणीतले रंग पुढे राखून ठेवलेले असतात. दहा-पंधरा मिनिटांत छायाचित्रकाराला मिळतो तो तयारीचा चेहरा. प्रत्येक दैनिकात तोच फोटो दिसतो, कारण सगळ्यांना तेवढाच दिसलेला असतो. हा नियम छायाचित्रकारांच्या सोयीसाठी झाला, असे कधीकधी सांगितले जाते. ते मला मुळीच पटत नाही.

डिजिटलने अंधाराचा प्रश्न जवळजवळ संपवला. २००७ चा निकॉन डी३ कॅमेरा ६४०० आयएसओला, म्हणजे तेवढ्या वेगाला, छापण्याजोगा फोटो देई, त्यामुळे फ्लॅश नेण्याचे कारणच उरले नाही. नियम मात्र राहिला. एलईडी दिव्यांनी नवी अडचण आणली: गडद निळ्या किंवा लाल प्रकाशात सेन्सरचा एकच रंग ओसंडतो आणि चेहऱ्याचा तपशील पुसला जातो. मोबाइलवाले प्रेक्षक अख्खा कार्यक्रम टिपतात, व्यावसायिक तेवढा तीन गाण्यांनंतर बाहेर.

त्याहून कडू भाग करारांचा. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या छायाचित्रकारांच्या जागेत, जाण्याआधी पुढ्यात येणाऱ्या कागदावर कधी फोटो एकदाच छापण्याची अट असते, कधी मालकी हक्कच लिहून मागितलेला असतो. २०१५ मध्ये हा वाद उघड्यावर आला. एका छायाचित्रकाराने एका पॉप गायिकेच्या अटींविरुद्ध खुले पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने एका रॉक बँडचा करार नाकारून प्रेक्षकांकडून फोटो विकत घेतले.

दुकानातल्या त्या शीटच्या निगेटिव्ह आजही छायाचित्रकारांच्याच कपाटात आहेत. लाल खुणेच्या त्या चौकटीची प्रत ते स्वतः काढतात, खाली सही करतात आणि विकतात. त्या रात्री आत जाताना त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नव्हते.