आउटबोर्ड इंजिन : फेरबांधणी आणि रनिंग-इन

होडीच्या मागच्या फळीला टांगलेले टू-स्ट्रोक इंजिन खोलून, सिलिंडरला बोअर मारून (आतला व्यास कापून किंचित वाढवून), नवे पिस्टन व रिंगा घालून पुन्हा बांधणे म्हणजे फेरबांधणी. मग पहिले दहा तास बेताने चालवून रिंगा बसवून घेणे म्हणजे रनिंग-इन. कोकणात छोट्या मासेमारी होड्यांवर आणि मालवण-तारकर्लीच्या पर्यटक होड्यांवर अशी इंजिने दिसतात.

खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतात. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर इंजिन उघडावे लागते. खारे पाणी लागून धरलेले बोल्ट आधी तापवावेत. नुसता जोर लावला की डोके तुटून हातात येते.

जुना पिस्टन लगेच फेकू नये, तो कारण सांगतो. एग्झॉस्टच्या (धूर बाहेर पडण्याच्या) बाजूलाच ओरखडे असतील तर इंजिन तापले आहे : झिजलेला इम्पेलर (थंड करणारे पाणी ओढणारे पात्यांचे चाक) किंवा मिठाने बुजलेली पाण्याची वाट तपासावी. पिस्टनच्या घेरावर चार ठिकाणी उभे ओरखडे म्हणजे थंड इंजिनाला एकदम थ्रॉटल (वेग) दिला, किंवा बोअर घट्ट मारला. कारण न शोधता बांधलेले इंजिन पुन्हा तसेच जाम होते.

बोअर साधारणपणे ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा मारतात, पण हातात आलेला नवा पिस्टन मोजूनच. नंतर होनिंग (सिलिंडरची आतली भिंत दगडाने घासणे), आणि पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्यांच्या, कडांची धार मोडणे. ही धार राहिली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते, आणि घाईत हेच काम राहून जाते. सिलिंडर पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम पाणी व साबणाने घासून, पांढरे फडके फिरवल्यावर त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत धुवावे आणि लगेच तेल लावावे.

रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजतात. ६० मिमी बोअरला साधारण ०.२५ मिमी, अंतिम माप मॅन्युअलचे. पिस्टनवरची खूण त्यात सांगितलेल्या दिशेला ठेवावी, रिंगेचे तोंड खाचेतल्या पिनवर यावे, सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) नवीच वापरावी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालची क्रँकची बंद पेटी, हाच हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढणारा पंप असतो. तिथे हवा गळली की मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन जळतो. म्हणून सीलंटचा थर पातळ पण सलग हवा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. इम्पेलर नवा टाकावा. एवढा खर्च झाल्यावर तो वाचवण्यात अर्थ नाही.

नेहमी ५०:१ मिश्रणावर (५० भाग पेट्रोलला १ भाग तेल) चालणाऱ्या इंजिनाला रनिंग-इनमध्ये २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या दर्जाचे) तेल देतात. इंजिन सुरू होताच पाण्याची धार पडते का ते पाहावे. नसेल तर ताबडतोब बंद करावे. पहिली दहा मिनिटे मंद गती, पुढची पन्नास मिनिटे अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, दुसरा तास पाऊण थ्रॉटलपर्यंत. पुढचे आठ तास पूर्ण थ्रॉटल सलग पाच मिनिटांपलीकडे नको. गती सतत कमी-जास्त करावी. पिंपात बुडवून तासन्‌तास मंद चालवले तर रिंगांवर भारच येत नाही, सिलिंडर गुळगुळीत होतो आणि कॉम्प्रेशन कायमचे कमी राहते. दहा तास भरल्यावरच टाकीत ५०:१ मिश्रण भरतात.