सेल फुटत नाही, तरी अन्ननलिका जळते

‘सेल गिळला खरा, पण तो फुटलेला नाही ना? मग आतलं काही बाहेर येणार नाही. उद्या शीतून पडून जाईल.’ लहान मुलाने बटन सेल गिळल्यावर घरात हमखास असं बोललं जातं. या एका समजुतीपायी आपत्कालीन विभागात पोहोचायला उशीर होतो. पडणं, भाजणं, बोट दारात सापडणं या इजा दिसतात तरी; ही दिसतच नाही.

मुळात मुख्य इजा सेलमधलं रसायन गळून होत नाही. ती करणारा घातक पदार्थ मुलाच्या अन्ननलिकेतच तयार होतो. रिमोटमध्ये असतो तो २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल डोळ्यासमोर आणा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकतो आणि दोन्ही बाजूंना ओलं अस्तर त्याला चिकटतं. परिपथ पूर्ण! आता ऋण ध्रुवाकडून इलेक्ट्रॉन पाण्याला मिळतात, पाणी फुटतं, हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे राहतात हायड्रॉक्साइड आयन. शाळेत शिकलेलं हेच विद्युत अपघटन. त्या जागचा सामू (pH) ७ च्या आसपास असतो, तो १२-१३ वर जातो. सामूची एक पायरी म्हणजे दहापट. म्हणजे सामू १२ झाला की हायड्रॉक्साइड लाखपट झाले.

आम्लाने भाजलं की प्रथिनं गोठून एक थर बनतो आणि तो आम्लाला थोडं अडवतो. अल्कली, म्हणजे इथे तयार झालेलं हायड्रॉक्साइड, मात्र चरबीचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि खोल उतरत जाते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल पुढे जठरात उतरला तर एका जागी चिकटून राहत नाही, म्हणून धोका बराच कमी होतो.

‘सेल संपलेला होता’ हाही दिलासा खोटा. पाणी फुटायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात. रिमोट बंद पडला तरी लिथियम सेलमध्ये त्याहून जास्त शिल्लक असतात.

सुरुवातीला मूल खेळत असतं, किंवा लाळ गाळतं, खोकतं, घास नाकारतं. सर्दी वाटते. एक्स-रेवर सेल नाण्यासारखा दिसतो, पण नीट पाहिलं तर कडेला आत आणखी एक कडं असतं. डॉक्टर तेच शोधतात आणि सेल दुर्बिणीतून लगेच काढतात.

मध हा रामबाण उपाय असल्याचे संदेश फिरतात. तो उपाय नव्हे, वेळ मिळवण्याचं साधन आहे. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नका. उलटी करवू नका. नाकात सेल गेला असेल तर थेंब घालू नका; ओलाव्याने काम आणखी वेगाने होतं.

सेल काढल्यावरही जखम वाढू शकते. काही दिवसांनी रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर तत्काळ परत जायचं.

घरात स्क्रूने बंद होणारं झाकण असलेल्याच वस्तू ठेवा. काढलेल्या सेलला लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. आणि रिमोट पडला, झाकण उघडलं, सेल काही सापडत नाही आणि मूल तिथेच खेळत होतं, तर ‘सोफ्याखाली गेला असेल’ म्हणून थांबू नका. एक्स-रे काढून घ्या.