सपाट देशातला चढ : नेदरलँड्समध्ये इलेक्ट्रिक सायकल घेताना

नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवरचे सर्वांत उंच ठिकाण, फाल्सरबर्ग, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३२२ मीटर उंच आहे. पुणे शहर मुळात साधारण ५६० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे, तिथून नोकरीसाठी आइंडहोव्हन किंवा आम्स्टेलफेनला गेलेल्या माणसाला त्या देशात चढ असा दिसतच नाही. दिसलाच तर तो एखाद्या कालव्यावरच्या पुलाचा असतो. तरीही २०२० पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास सायकली विजेच्या आहेत. सपाट देशातली, लहानपणापासून सायकल चालवणारी माणसे मोटरसाठी दोन-तीन हजार युरो का मोजतात, याचे उत्तर वाऱ्यात आहे, आणि ते नीट समजले तर कोणती सायकल घ्यावी हा प्रश्नही बराचसा सुटतो.

सायकल सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली असताना तिला मुख्यतः दोन विरोध होतात. टायर रस्त्यावर दबत आणि पुन्हा फुगत जातो त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, हा पहिला. आणि समोरची हवा बाजूला सारावी लागते, हा दुसरा. टायरचा विरोध वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो, मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डच सायकलीवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे त्याची छाती हवेला पूर्ण आडवी येते. सायकल, माणूस आणि पाठीवरची पिशवी मिळून १०५ किलो वजन धरले आणि वारा पडलेला असेल, तर ताशी २५ किलोमीटर वेग राखायला साधारण १७० वॉट लागतात. त्यातले सुमारे १२० हवेसाठी आणि ५० टायरसाठी. रोज ऑफिसला जाणारी, खेळाडू नसलेली व्यक्ती घाम न येता ८० ते १०० वॉट देऊ शकते. म्हणजे वारा नसतानाही तिचा वेग ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या पुढे सहजी जात नाही.

आता समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा येऊ द्या. हवामानाच्या अंदाजात अशा दिवसाचा उल्लेख तीन किंवा चार क्रमांकाचा वारा असा होतो (हे मोजमाप जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचे असते, सायकलस्वाराच्या उंचीवर वारा थोडा मंदावतो), आणि उत्तर समुद्राच्या काठच्या प्रदेशात त्याचे कुणाला अप्रूप नसते. रस्त्यावरचा वेग ताशी २५ किलोमीटरच ठेवला, तरी अंगावर येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ७ मीटरऐवजी १२ मीटर होतो, आणि एकूण गरज १७० वॉटवरून थेट ४०० वॉटच्या वर जाते. तुलनेसाठी असे सांगता येईल की सहा टक्के चढणीवर, म्हणजे शंभर मीटर अंतरात सहा मीटर चढणाऱ्या घाटाच्या रस्त्यावर, ताशी १५ किलोमीटरने जायला याहून कमी, सुमारे ३१५ वॉट लागतात. घाट निदान माथ्यावर संपतो. पोल्डरमधल्या, म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेल्या सपाट जमिनीतल्या, सरळ बांधावरचा वारा ऑफिसच्या दारापर्यंत सोबत येतो. डच लोकांना याचे इतके पक्के भान आहे की ऑस्टरस्खेल्डेच्या समुद्रबांधावर वादळी वाऱ्याच्या दिवशी, बिनगिअरच्या साध्या सायकलींवरून, वाऱ्याविरुद्ध साडेआठ किलोमीटर जाण्याची राष्ट्रीय स्पर्धाच ते भरवतात.

जाताना वारा समोरून आला तर येताना तो पाठीशी असेल, मग हिशेब बरोबर होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो तसा होत नाही. वरच्याच उदाहरणात परतताना फक्त ६० वॉट पुरतात, म्हणजे दोन्हींची सरासरी २३० वॉटच्या पुढे जाते. बॅटरीचा विचार केला तर फरक आणखी मोठा आहे, कारण येताना पायच पुरेसे असतात, मोटर जवळजवळ स्वस्थ बसते, आणि जाताना खर्च झालेली वीज काही परत मिळत नाही. वारा नसेल तर, पायांचा वाटा सोडून, बॅटरीतून दर किलोमीटरला चार-साडेचार वॉट-तास (साठवलेल्या विजेचे माप) लागतात. समोरच्या वाऱ्यात पंधराच्या आसपास. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीवर पहिल्या स्थितीत गणिताप्रमाणे शंभराहून अधिक किलोमीटर जाता येईल, दुसऱ्या स्थितीत तीस-बत्तीस. दुकानातल्या पाटीवर लिहिलेला पल्ला बहुधा पहिल्या प्रकारच्या दिवसाचा असतो, त्यामुळे आपल्या रोजच्या अंतराच्या तिप्पट पल्ला लिहिलेला असेल तरच ती बॅटरी पुरेशी मानावी.

इथेच विक्रेत्याच्या भाषेकडेही जरा सावधपणे पाहावे लागते. मोटरचे वर्णन करताना न्यूटन-मीटरचा आकडा, म्हणजे पिळाचे बळ, मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. हे बळ कमी वेगात, खड्या चढणीवर किंवा दोन मुले बसवलेली मालवाहू सायकल सिग्नलवरून हलवताना कामाला येते. वाऱ्याशी झुंज मात्र ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगात होते आणि तिथे पिळापेक्षा सातत्याने मिळणारी शक्ती आणि बॅटरीतला साठा जास्त महत्त्वाचा ठरतो. देशाच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्ख प्रांताच्या टेकड्यांमध्ये राहणाऱ्याने ८५ न्यूटन-मीटरची, पेडलच्या आसापाशी बसवलेली मोटर अवश्य घ्यावी, कारण तिची शक्ती गिअरमधून जाते आणि चढावर ती आपल्या सोयीच्या गतीने फिरू शकते. आइंडहोव्हनहून शेजारच्या फेल्डहोव्हनला जाणाऱ्याला चाकाच्या हबमधली ४० न्यूटन-मीटरची मोटर पुरते, शिवाय तिचा जोर चेनवर येत नसल्याने चेन लवकर झिजत नाही. हबमधली मोटर शक्यतो मागच्या चाकात असावी; पुढच्या चाकात असेल तर ओल्या पानांवर किंवा विटांच्या रस्त्यावर वळताना ते चाक सटकण्याचा धोका असतो.

पैसे वाचवायचे नाहीत अशी एकच जागा सांगायची तर ती सेन्सरची. स्वस्त सायकलीत पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. पेडल जरा फिरले की मोटर चालू, थांबले की क्षणभराने बंद. महाग सायकलीत पायाचा दाब मोजला जातो आणि त्या दाबाच्या प्रमाणात मोटर मदत देते. माणसाच्या जोराला तोलून मदत देण्याची ही कल्पना यामाहाने १९९३ साली जपानमध्ये बाजारात आणली, आणि आजची इलेक्ट्रिक सायकल खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. विजेची सायकल त्याआधीही होती, १८९५ साली अमेरिकेत तिचे पेटंट दिले गेले होते. पण ती चाके लावलेली मोटर होती. गर्दीच्या सायकलमार्गावर, लहान मुले शेजारून जात असताना, आपल्या पायाला अनुसरणारी मोटर ही चैन नाही.

भारतात मुठीत ॲक्सिलरेटर असलेल्या आणि पेडल न मारता चालणाऱ्या विजेच्या दुचाकीही, २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहिल्या तर, मोटर वाहन समजल्या जात नाहीत. युरोपीय संघात आकडे तेच आहेत, पण अट वेगळी आहे : पेडल मारले तरच मदत मिळाली पाहिजे, वेग वाढेल तशी ती कमी होत जाऊन २५ ला पूर्ण थांबली पाहिजे, आणि सायकल हाताने ढकलताना तेवढी ताशी ६ किलोमीटरपर्यंत मदत चालते. २५० वॉट हा आकडा मोटरच्या अखंड शक्तीचा आहे. थोड्या वेळासाठी ती याच्या दुपटीइतकीही शक्ती देऊ शकते, म्हणूनच वरच्या वाऱ्यातला हिशेब जमतो. या अटी पाळणारी सायकल कायद्याने साधी सायकल असते. तिला परवाना, नंबर प्लेट किंवा विमा लागत नाही आणि प्रौढांना हेल्मेटची सक्तीही नाही, तरी पंचवीस किलोच्या वाहनावरून त्या वेगाने पडल्यावर काय होते याचा विचार करून ते घालावे असे मी म्हणेन.

२५ च्या पुढे जाऊ पाहणाऱ्याला एकाएकी भिंत लागल्यासारखे वाटते. ३० च्या वेगाला साधारण २७० वॉट लागतात आणि ते सगळे आता पायांतूनच यायचे असतात. त्यामुळे ही मर्यादा काढून सायकल ‘मोकळी’ करून देणारी किट आणि ॲप यांना गिऱ्हाईक मिळते, विशेषतः जाड टायरच्या फॅटबाइकसाठी. अशी सायकल कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना, विनाविमा मोटर वाहन ठरते, पोलिस ती रोलरवर चढवून तपासतात, आणि अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागू शकते. निवास परवान्यावर राहणाऱ्याने हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. ज्याला खरोखर वीस-पंचवीस किलोमीटरवर ऑफिस आहे त्याच्यासाठी ४५ पर्यंत जाणारी स्पीड-पेडेलेक उपलब्ध आहे. २०१७ पासून ती तिथे मोपेड गणली जाते, म्हणजे पिवळी नंबर प्लेट, विमा, परवाना आणि ठरावीक मानकाचे हेल्मेट, सगळे आले.

सायकलीतला सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे बॅटरी. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीत बोटाएवढे सुमारे चाळीस लिथियम-आयन सेल असतात, दहा-दहांच्या माळा करून ३६ व्होल्ट मिळवलेले. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थंडीत ही शिरण्याची क्रिया इतकी मंदावते की शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आयन आत न जाता पृष्ठभागावरच धातू म्हणून साचू लागतात. त्याने क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही निर्माण होतो. चालवताना थंडीमुळे पल्ला कमी होतो तो मात्र तात्पुरता असतो. म्हणून हिवाळ्यात सायकल खाली कोठीत ठेवली तरी बॅटरी घरात आणावी, ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावावी, आणि सुटीत महिनाभर भारतात जाताना ती पूर्ण भरून न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी, कारण भरलेल्या स्थितीत सेलमधले रसायन जास्त वेगाने जुने होते. चार्जर त्याच बॅटरीसाठीचा असावा, आणि लहान फ्लॅटमध्ये चार्जिंगची जागा बाहेर पडण्याच्या दाराजवळ नसावी.

जुनी सायकल घेताना हाच भाग किंमत ठरवतो, कारण नव्या बॅटरीला सहज ५०० युरोंच्या पुढे पैसे पडतात. दुकानात तपासणी करून उरलेली क्षमता लेखी मागावी. ‘सेल बदलून दिलेली’ बॅटरी कुणी बदलली हे कळत नसेल तर ती सायकल सोडून द्यावी. फ्रेमचा नंबर पोलिसांच्या चोरीच्या मालाच्या यादीत पाहता येतो, आणि तो पाहायलाच हवा. कंपनी बंद पडली तर काय, हा प्रश्नही आता काल्पनिक राहिलेला नाही : ॲम्स्टरडॅमची फॅनमूफ कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा ॲपवर चालणाऱ्या, इतर कुणाचे भाग न बसणाऱ्या सायकलींचे मालक अडचणीत आले, आणि एका प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांच्या डिजिटल चाव्या वाचवण्यासाठी ॲप काढले. १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपीय संघात अशा वाहनांची बॅटरी कोणत्याही स्वतंत्र कारागिराला बदलता येईल अशीच असावी लागेल. तोवर गल्लीतला दुकानदार दुरुस्त करायला तयार असेल अशीच सायकल घेणे मला शहाणपणाचे वाटते.

दोन वर्षांच्या करारावर गेलेल्याने विकत घेण्याआधी आणखी दोन वाटा तपासाव्यात. नोकरी देणाऱ्या कंपनीने सायकल दिली तर २०२० पासून तिच्या किमतीच्या सात टक्के रक्कम दरवर्षी करपात्र उत्पन्नात धरली जाते; ३,००० युरोंच्या सायकलीसाठी हे वर्षाला २१० युरो होतात आणि त्यावरचा कर फारसा नसतो. दुसरी वाट महिन्याच्या वर्गणीची, ज्यात दुरुस्ती आपल्याकडे राहत नाही. कसेही घेतले तरी चाकाच्या कड्याच्या कुलपाखेरीज एक जाड साखळी हवीच, कारण बऱ्याच विमा कंपन्या मान्यताप्राप्त दुसऱ्या कुलपाची अट घालतात आणि चोरीनंतर मूळ चाव्या मागतात.

ही सायकल भारतात नेण्याचा बेत मात्र आखू नये. प्रवासी विमानात सुट्या लिथियम बॅटरीला १०० वॉट-तासांपर्यंत मुभा असते, विमान कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंत. सायकलीची बॅटरी त्याच्या तिप्पट असते, आणि ती ना हातातल्या सामानात चालते ना खालच्या. परतणारे लोक म्हणून ती तिथेच विकतात, आणि हिवाळ्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये, दिवस मोठे होऊ लागल्यावर, तिला भाव बरा येतो. त्या वेळी पावती, दोन्ही चाव्या आणि मूळ चार्जर हाताशी असले म्हणजे झाले.